इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (१५ डिसेंबर १९०५ – ११ ऑगस्ट १९७०) या मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका होत्या. भारतातील पहिल्या महिला मानवशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. ‘युगान्त’ हा महाभारतातील व्यक्तिरेखांवरील ग्रंथ आणि ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ हे लेखसंग्रह यांमुळे त्या मराठी वाचकांना परिचित आहेत. त्यांच्या संशोधनाचा आरंभ मात्र मानवी कवटीच्या शरीररचनेपासून झाला. बर्लिन येथे त्यांनी कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंतील फरकांवर प्रबंध लिहिला. यूरोपीय वंशाच्या श्रेष्ठत्वाला कवटीतून पुरावा मिळतो का, या प्रश्नाशी तो प्रबंध निगडित होता आणि इरावतीबाईंच्या मोजमापांतून असा पुरावा मिळाला नाही. पुढील चार दशके त्यांनी महाराष्ट्रात मानवमितीचे, म्हणजे मानवी शरीराच्या मोजमापाचे, काम केले. त्याचा उपयोग त्यांनी मुख्यतः जातीचे स्वरूप समजून घेण्यासाठी केला.

बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर हे अभियंता असून नोकरीनिमित्त तेथे राहत होते. ब्रह्मदेशातील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागा या मुलींच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी त्यांची मैत्री झाली. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. परांजपे कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी ठेवून घेतले व मुलीप्रमाणे वाढविले. या घरातील ग्रंथसंग्रह, बुद्धिवादी वातावरण आणि मोकळी चर्चा यांचा त्यांच्या जडणघडणीवर खोल परिणाम झाला.

१९२६ मध्ये त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन पदवीधर झाल्या. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधासाठी १९२८ मध्ये त्यांना एम. ए. ही पदवी मिळाली.

घुर्ये यांच्याकडील शिक्षणाला एक विशेष पार्श्वभूमी होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीचे लांबीशी असलेले प्रमाण मोजून भारतातील जातींची वांशिक उतरंड मांडली होती. जातीचा सामाजिक दर्जा जितका वरचा तितके नाक अरुंद, असा त्यांचा सिद्धांत होता. घुर्ये यांनी पुढे १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही मोजमापे पुन्हा तपासली. उत्तर हिंदुस्थानाबाहेर असा संबंध सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखविले. हाडांच्या मोजमापावरून माणसांची प्रतवारी लावता येते का, हा प्रश्न इरावतीबाईंच्या विद्यार्थिदशेत अशा रीतीने मुंबईच्या विद्यापीठातही उपस्थित झालेला होता.

विवाह आणि जर्मनीस प्रयाण

इरावतीबाईंचा विवाह रसायनशास्त्रज्ञ दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव होत. त्यांनी स्वतः जर्मनीत उच्च शिक्षण घेतले होते व पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पत्नीने परदेशी जाऊन डॉक्टरेट मिळवावी, असा त्यांचा आग्रह होता. विधवांच्या व स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्वे यांना मात्र सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. तरीही पतिपत्नींनी निर्णय बदलला नाही. खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. मेहता हे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे व के. ई. एम. रुग्णालयाचे पहिले अधिष्ठाता होते. पुढे ते गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला रवाना झाल्या.

बर्लिनमधील संस्था

बर्लिनच्या डालेम या उपनगरात १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्था स्थापन झाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक होते आणि तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले. फिशर यांनी जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील, म्हणजे आजच्या नामिबियातील, मिश्र वंशाच्या रेहोबोथ समाजाचा अभ्यास करून १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. वंशसंकर अनिष्ट होय, असे त्यांचे मत होते. त्या काळी जर्मनीत फिशर यांचा शब्द या विषयात प्रमाण मानला जाई.

कवटी हे वंशशास्त्राचे मुख्य साधन समजले जात होते. एकोणिसाव्या शतकात स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी कवटीच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणण्याची पद्धत रूढ केली होती. या शीर्ष निर्देशांकानुसार ७५ पेक्षा कमी अंक असलेली कवटी लांबट, ७५ ते ८० मधली मध्यम आणि ८० पेक्षा अधिक अंकाची रुंद मानली जाई. रुडॉल्फ मार्टिन यांच्या १९१४ मधील जर्मन ग्रंथाने मोजमापाचे बिंदू व उपकरणे यांची निश्चिती केली होती. असे निर्देशांक वंशाची कायमची खूण असल्याचा समज प्रबळ होता. अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी १९१२ च्या सुमारास स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्यांची मोजमापे घेऊन या समजाला आव्हान दिले होते. परंतु डालेम येथील संस्थेवर त्याचा प्रभाव नव्हता.

बर्लिनमधील कवटीसंग्रहांत आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्या मोठ्या संख्येने होत्या. त्यांपैकी अनेक कवट्या तेथील लोकांच्या संमतीवाचून, थडग्यांतून किंवा युद्धांनंतर गोळा करण्यात आल्या होत्या. नामिबियातून नेलेल्या काही कवट्या व अस्थी २०११ पासून टप्प्याटप्प्याने त्या देशाला परत करण्यात आल्या.

कवटीची रचना आणि नैसर्गिक असममिती

इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय समजण्यासाठी कवटीच्या रचनेची थोडी माहिती आवश्यक आहे. मानवी कवटीत साधारणपणे २२ हाडे धरली जातात. मेंदूचे आवरण बनविणारी ८ व चेहऱ्याची १४. त्यांपैकी बरीच हाडे जोडीने असतात. त्यामुळे मध्यरेषेच्या दोन्ही बाजू एकमेकींची प्रतिबिंबे असाव्यात, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात अगदी निरोगी कवटीतही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात. या फरकाला असममिती म्हणतात. एका मर्यादेपर्यंत ती रोगाची किंवा विकृतीची खूण नसते.

चेहऱ्याला संवेदना पुरविणाऱ्या तंत्रिकेच्या मार्गावरून ही गोष्ट सहज लक्षात येते. मेंदूतून निघणाऱ्या बारा तंत्रिकाजोड्यांपैकी पाचवी जोडी त्रिमूल तंत्रिका या नावाने ओळखली जाते. वैद्यकीय व्यवहारात तिला ट्रायजेमिनल नर्व्ह म्हणतात. कवटीच्या आत, कानाच्या अंतर्भागाला सामावून घेणाऱ्या शंखास्थीच्या कठीण भागावर, टोकाजवळ एक उथळ खळगा असतो. त्यात या तंत्रिकेची गुच्छिका, म्हणजे संवेदी चेतापेशींचा पुंजका, असतो. तेथून तिच्या तीन शाखा फुटतात. तिन्ही शाखा कवटीच्या तळाशी असलेल्या, पंख पसरलेल्या वटवाघळासारख्या दिसणाऱ्या जतुकास्थीतील वाटांनी बाहेर पडतात. पहिली शाखा नेत्रखोबणीच्या मागील फटीतून, दुसरी एका गोल रंध्रातून आणि तिसरी एका लंबगोल रंध्रातून जाते. पहिली शाखा कपाळ व डोळा, दुसरी गाल व वरचे दात, तर तिसरी खालचा जबडा व खालचे दात यांची संवेदना वाहून नेते. तिसऱ्या शाखेत चर्वणाच्या स्नायूंना चालना देणारे तंतूही असतात.

या शाखांची टोके चेहऱ्यावर तीन ठिकाणी हाडातून बाहेर येतात. भुवईच्या खाली नेत्रखोबणीच्या वरच्या कडेवर, डोळ्याखाली वरच्या जबड्याच्या हाडात आणि हनुवटीच्या बाजूला. ही तिन्ही ठिकाणे साधारण एका उभ्या रेषेत येतात. दंतवैद्य जबडा बधिर करताना याच ज्ञानाचा उपयोग करतात. एकाच कवटीत भुवईखालची वाट एका बाजूस पूर्ण छिद्राच्या रूपात आणि दुसऱ्या बाजूस नुसत्या खाचेच्या रूपात असणे, ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. तळाच्या लंबगोल रंध्रांचा आकारही दोन्ही बाजूंस अनेकदा वेगळा असतो. असे असूनही त्या व्यक्तीच्या चेहऱ्याच्या संवेदनेत कोणताही फरक पडत नाही.

कवटीच्या इतर भागांतही हेच दिसते. मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या नलिकांपैकी उजवी बहुधा अधिक रुंद असते. त्यामुळे कवटीच्या तळाशी असलेले उजवे कंठशिरा-रंध्र बहुधा मोठे असते. सवयीने एकाच बाजूने चावल्यास त्या बाजूच्या स्नायूंचा हाडावरील ताण वाढतो. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांचा आकारही पूर्ण सारखा नसतो व त्याचा ठसा कवटीच्या आतील पृष्ठभागावर उमटतो. म्हणजेच असममितीची कारणे अनेक असतात. कोणत्याही एका फरकावरून बुद्धीविषयी अनुमान काढणे शरीररचनेच्या दृष्टीने टिकत नाही.

कवट्यांवरील प्रबंध

मेंदूच्या पुढील भागाचा तर्कशक्तीशी संबंध आहे आणि यूरोपीय लोक अधिक तर्कशुद्ध विचार करतात, असे गृहीत धरून फिशर यांच्या वर्तुळात एक तर्क मांडला जात होता. यूरोपीयांच्या मेंदूचा उजवा अग्रखंड मोठा असेल, तर त्याला सामावून घेणारी त्यांची कवटीही इतरांपेक्षा अधिक असममित असली पाहिजे, असा तो तर्क होता. या गृहीतकाची परीक्षा करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी १४९ कवट्यांचा अभ्यास केला. त्यांत यूरोपीय तसेच यूरोपेतर लोकांच्या कवट्या होत्या. अशा कामात मध्यरेषा निश्चित करणे हीच पहिली अडचण असते. कारण जी वस्तू मुळात असममित आहे, तिचा मध्य कोठे मानावा यावर पुढील प्रत्येक आकडा अवलंबून असतो. वाकड्या व सरळ मापनयंत्रांनी एकेक बिंदूचे अंतर घेणे आणि दोन्ही बाजूंचे आकडे ताडून पाहणे, हे अत्यंत चिकाटीचे काम होते. गृहीतक खरे असते, तर यूरोपीय कवट्यांचा गट इतरांपासून वेगळा दिसला असता. तसे झाले नाही. असममिती सर्वच समूहांत आढळली आणि वंश व असममिती यांच्यात संबंध दिसून आला नाही. इरावतीबाईंनी हा निष्कर्ष प्रबंधात स्पष्टपणे नोंदविला.

या निष्कर्षाचे महत्त्व त्या वेळच्या परिस्थितीत पाहावे लागते. त्या पंचविशीच्या आतबाहेरच्या वयाच्या, वसाहतीतून आलेल्या व कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. पदवी मिळणे मार्गदर्शकाच्या अनुकूलतेवर अवलंबून होते आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून त्या तेथे गेल्या होत्या. रिकाम्या हाताने परतणे त्यांना परवडणारे नव्हते. तरीही मार्गदर्शकाच्या अपेक्षेशी जुळणारा निष्कर्ष काढण्यासाठी त्यांनी आकड्यांना वळण लावले नाही. मानवी कवटीच्या सर्वसाधारण असममितीवरील हा जर्मन प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. मानवशास्त्राबरोबरच प्राणिशास्त्र, संस्कृत व तत्त्वज्ञान यांचाही त्यांनी तेथे अभ्यास केला.

डालेम येथील संस्थेचा पुढील इतिहास काळाकुट्ट आहे. नाझी पक्ष सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेने नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांना शास्त्राचे पाठबळ दिले. १९४२ मध्ये ओटमार फॉन फेर्शुअर संस्थेचे संचालक झाले. त्यांचा सहायक योझेफ मेंगेले याने आउश्विट्झ छळछावणीतून बळींचे शारीरिक नमुने या संस्थेकडे पाठविले. इरावतीबाईंनी जर्मनी सोडली तेव्हा या गोष्टी घडायच्या होत्या. परंतु ज्या कल्पनेवर हे सारे उभारले गेले, तिचा एक आधार याच संस्थेतील त्यांच्या प्रबंधात तपासला गेला होता आणि तो पोकळ ठरला होता.

मायदेशी परत

१९३० मध्ये इरावतीबाई पुण्यास परतल्या. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले हे विद्यापीठ त्या वेळी पुण्यात होते; १९३६ मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईस हलविण्यात आले. प्रशासकीय कामात त्यांचे मन रमले नाही. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्या रुजू झाल्या. अखेरपर्यंत त्यांचे संशोधन याच संस्थेशी जोडलेले राहिले. १९४७ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

लांघणज येथील अस्थी

डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया हे इरावतीबाईंचे सहकारी होते. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात लांघणज येथे वाळूच्या टेकाडात त्यांना सूक्ष्म दगडी हत्यारे वापरणाऱ्या, शिकारीवर जगणाऱ्या लोकांचे अवशेष सापडले होते. १९४४ पासूनच्या उत्खननात तेथे हातपाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडेही मिळाले. मातीच्या दाबाने चेपलेल्या कवट्या जुळवून त्यांचे वर्णन करण्यासाठी शरीररचनेचे ज्ञान आवश्यक होते. या कामात इरावतीबाईंना मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जी. एम. कुरुलकर यांचे सहकार्य लाभले. दोघांनी मिळून लिहिलेला अस्थींवरील अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. सांकलिया व इरावतीबाई यांचा या संस्कृतीवरील संयुक्त लेख १९४९ मध्ये ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात आला.

पुरातत्त्वज्ञ, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ यांनी एकत्र काम करण्याचे हे भारतातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. या अहवालांत त्या काळी रूढ असलेली वंशगटांची परिभाषा आढळते. पुढे १९६५ मध्ये सोफी एऱ्हार्ट व केनेथ केनेडी यांनी लांघणजच्या अस्थींचा स्वतंत्र ग्रंथाद्वारे नव्याने अभ्यास केला.

महाराष्ट्रातील मानवमिती आणि जातीचा प्रश्न

बर्लिनमध्ये शिकलेली मोजमापाची पद्धत इरावतीबाईंनी सोडून दिली नाही. मापनयंत्रे, पट्टी व नोंदवह्या घेऊन त्यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी प्रवास केला आणि निरनिराळ्या जातिजमातींतील लोकांच्या डोक्याची, नाकाची, चेहऱ्याची व उंचीची मापे घेतली. संख्याशास्त्राचे जाणकार व अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला महाराष्ट्रातील मानवमितीवरील ग्रंथ १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला.

मोजमाप तेच असले तरी प्रश्न बदललेला होता. कोणता समूह श्रेष्ठ, असे त्या विचारीत नव्हत्या. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती खरोखर एकाच मुळातून फुटल्या आहेत का, हा त्यांचा प्रश्न होता. घुर्ये यांच्यासह अनेक अभ्यासकांचे मत असे होते की, मूळची एक मोठी जात कालांतराने विभागली जाऊन पोटजाती निर्माण झाल्या. इरावतीबाईंना उलट चित्र दिसले. कुंभार हे नाव धारण करणारे परंतु परस्परांत विवाह न करणारे अनेक समूह महाराष्ट्रात होते व त्यांच्या चालीरीती वेगवेगळ्या होत्या. आपसांत विवाह करणारा समूह हाच खरा घटक असून तो विस्तारलेल्या नातेसंबंधांचा गोतावळा असतो. एकाच व्यवसायामुळे अशा निरनिराळ्या गोतावळ्यांना एक नाव मिळते, असे प्रतिपादन त्यांनी केले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे हेच मुख्य सूत्र आहे.

आयुष्याच्या अखेरच्या काळात कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण समूहांची जीवशास्त्रीय तुलना केली. शरीरमापांबरोबर रक्तगटांसारख्या लक्षणांचाही त्यात समावेश होता. हा अभ्यास १९६८ मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दर्जा एकच असला तरी हे समूह जीवशास्त्रीय दृष्ट्या एकरूप नाहीत, असे त्यातून पुढे आले. चाळीस वर्षांपूर्वी चित्पावनांवर प्रबंध लिहून सुरू केलेला शोध येथे अधिक व्यापक पायावर उभा राहिला.

अन्य संशोधन आणि मराठी लेखन

भारतातील नातेव्यवस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशाचे भाषिक विभाग पाडून त्यांनी नातेवाचक शब्द, विवाहाचे नियम आणि संस्कृत ग्रंथांतील दाखले यांचा एकत्रित विचार केला. मामेबहिणीशी विवाह कोठे मान्य व कोठे निषिद्ध, यांसारख्या प्रश्नांतून उत्तर व दक्षिण भारतातील कुटुंबरचनेचा भेद त्यांनी स्पष्ट केला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांचे त्यांनी सर्वेक्षण केले. जाई निंबकर यांच्यासह लिहिलेला त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरील भारतातील आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते.

मराठीत ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा त्यांचा ग्रंथ महत्त्वाचा आहे. ललित लेखांत प्रवास, कुटुंब, पंढरीची वारी व क्षेत्रकार्यातील अनुभव हे विषय येतात. ‘युगान्त’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातील व्यक्तींना देवत्वाच्या वलयातून बाहेर काढून त्यांनी त्यांच्याकडे विशिष्ट समाजातील व नात्यांतील माणसे म्हणून पाहिले. उपलब्ध पुराव्यापलीकडे न जाता निष्कर्ष काढण्याची संशोधकाची शिस्त या ललित ग्रंथातही दिसते.

कौटुंबिक जीवन

इरावतीबाई व दिनकरराव यांना तीन अपत्ये झाली. लेखिका जाई निंबकर, शास्त्रज्ञ आनंद कर्वे आणि कवयित्री व कथालेखिका गौरी देशपांडे. संततिनियमनाचे आद्य प्रचारक रघुनाथ धोंडो कर्वे हे इरावतीबाईंचे दीर होत. पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचा उल्लेख होतो. क्षेत्रकार्यासाठी आडगावी राहणे, तासन्‌तास पायी चालणे आणि मिळेल ते खाणे त्यांना सवयीचे होते. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. ‘गंगाजल’ हा लेखसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९७२ मध्ये प्रकाशित झाला.

मूल्यमापन

इरावतीबाईंच्या शारीरिक मानवशास्त्रावर नंतरच्या अभ्यासकांनी टीकाही केली आहे. बर्लिनमधील गृहीतक नाकारल्यावरही वंशगटांची परिभाषा त्यांच्या लेखनातून पूर्णपणे गेली नाही. शरीरमापांवरून समूहांचे मूळ शोधण्याच्या पद्धतीवर त्यांनी दीर्घकाळ विसंबून काम केले. डोक्याचा आकार आहार, वाढ व परिस्थिती यांनुसारही बदलतो, हे मान्य झाल्यावर आणि पुढे जनुकांचा थेट अभ्यास शक्य झाल्यावर ही पद्धत मागे पडली. त्यांनी मोजलेल्या कवट्या कोणाच्या होत्या व कोणत्या मार्गाने बर्लिनला पोहोचल्या, हा प्रश्नही आज विचारला जातो. त्या काळच्या संशोधनात तो क्वचितच विचारला गेला होता.

तथापि, त्यांच्या कामाचे स्थान ठरविताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. साधन त्यांच्या काळाचे होते. ते वापरण्यातील सचोटी मात्र त्यांची स्वतःची होती. कवटीच्या दोन बाजूंतील फरक हा वंशाचा गुणदोष नसून मानवी शरीराचा सामान्य धर्म आहे, हा त्यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष शरीररचनाशास्त्राच्या कसोटीवर टिकून राहिला. २०२४ मध्ये त्यांची नात उर्मिला देशपांडे व मानवशास्त्रज्ञ थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. त्यामुळे दीर्घकाळ जर्मन ग्रंथालयांत राहिलेल्या या प्रबंधाकडे वाचकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले.